उंदीर न मारता आत बघायचं कसं?

गारगोटी हे भुदरगड तालुक्याचं मुख्य गाव. आणि गारगोटी म्हणजे ओढ्याकाठी सापडणारा तो पांढुरका, तुळतुळीत दगडसुद्धा. अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या की क्षणभर पिवळसर उजेड चमकतो आणि जळल्यासारखा एक वास येतो, हे आपल्याकडच्या पोरांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. स्फटिकाला धक्का बसला की काही स्फटिक उजेड देतात. गारगोटीला हा धक्का घासण्यातून मिळतो. काही खास स्फटिक मात्र डोळ्यांना न दिसणारा किरण नुसता आत शिरला तरी चमकतात. कर्करोगाच्या रुग्णाला ज्या पेट स्कॅनच्या यंत्रात झोपवतात, त्याच्या कड्यात असे हजारो स्फटिक रांगेनं बसवलेले असतात.

हा लेख त्या यंत्राच्या एका छोट्या भावंडाबद्दल आहे. त्यात माणूस मावत नाही, वीस-पंचवीस ग्रॅमचा उंदीर मावतो. असलं यंत्र बनवायला मोठं यंत्र बनवण्यापेक्षा जास्त डोकं लागलं. ते बनायच्या आधी याच कामासाठी किती उंदीर गेले, याची मोजदाद कुणीच ठेवलेली नाही. आपल्या मुंबईतही नाही.

उरलेल्या जेवणाचं रहस्य

गोष्ट सुरू होते एका खानावळीपासून. जॉर्ज द हेवेशी हा हंगेरीतला तरुण रसायनशास्त्रज्ञ १९११ च्या सुमाराला मँचेस्टरला रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत होता. त्याला संशय होता की घरमालकीण ताटात उरलेलं अन्न पुढच्या दिवसांत नव्या पदार्थात घालून परत वाढते. त्यानं एकदा उरलेल्या घासात चिमूटभर किरणोत्सारी पदार्थ टाकला. काही दिवसांनी आलेल्या ताज्या पदार्थाजवळ मोजण्याचं उपकरण नेलं, आणि त्यानं साक्ष दिली. हा किस्सा हेवेशी पुढे आयुष्यभर सांगत राहिला. मेसमध्ये राहिलेल्या कुणालाही त्याची तळमळ कळेल.

या गमतीत एक मोठी कल्पना दडली होती. किरणोत्सारी अणू रासायनिकदृष्ट्या आपल्या साध्या भावासारखाच वागतो, फक्त जाईल तिथून हाक देत राहतो. जत्रेत पोराच्या गळ्यात घंटी बांधून सोडावं तसं. हेवेशीनं १९२३ मध्ये शेंगवर्गीय झाडांमध्ये किरणोत्सारी शिसं मुळांतून कुठवर चढतं ते पाहिलं. पुढच्या वर्षी सहकाऱ्यांबरोबर सशांवर प्रयोग केले. १९३४ मध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलियो-क्युरी यांनी साध्या मूलद्रव्यांना कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येतं हे दाखवलं, आणि मग शिशासारख्या विषारी धातूवर अडून राहायची गरज उरली नाही.

१९३५ मध्ये कोपनहेगनला हेवेशी आणि कीव्हित्स यांनी उंदरांना किरणोत्सारी फॉस्फरस खाऊ घातला. त्याआधी बहुतेकांची समजूत अशी की हाड एकदा बनलं की भिंतीतल्या दगडासारखं पडून असतं. प्रयोगात दिसलं की प्रौढ उंदराच्या हाडातही फॉस्फरस सतत येतो आणि जातो. आपला सांगाडा म्हणजे पक्कं बांधकाम नसून वाहती नदी आहे, हे पहिल्यांदा उंदरांनी सांगितलं. पण सांगण्यासाठी त्यांना मरावं लागलं. प्रत्येक अवयव वेगळा काढायचा, जाळून राख करायची आणि राखेतली हाक मोजायची, हीच तेव्हाची पद्धत. हेवेशीला १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

गुदमरलेला उंदीर, अठ्ठेचाळीस ससे

अमेरिकेत बर्कलीला अर्नेस्ट लॉरेन्स यांनी सायक्लोट्रॉन बांधला होता. त्यांचे भाऊ जॉन हे डॉक्टर. १९३५ मध्ये त्यांनी एक उंदीर बंद डबीत घालून यंत्राजवळ न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवला. थोड्या वेळानं डबी उघडली तर उंदीर मेलेला. यंत्राभोवती वर्षानुवर्षं बिनधास्त वावरणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांचे चेहरे पडले. नंतर उलगडा झाला की डबीत हवा सोडायचीच राहिली होती, उंदीर गुदमरून मेला होता. तरी त्या धसक्यानं प्रयोगशाळेत किरणांपासून बचावाची व्यवस्था वाढली. एका उंदराच्या चुकीच्या मृत्यूनं बऱ्याच माणसांचं आयुष्य वाढवलं, असं म्हणायला हरकत नाही.

इकडे बॉस्टनमध्ये १२ नोव्हेंबर १९३६ ला एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन यांचं भाषण झालं. श्रोत्यांत सॉल हर्ट्झ नावाचे थायरॉईडचे डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, आयोडीनला किरणोत्सारी करता येईल का? गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आयोडीन शोषून घेते हे माहीत होतं, तेव्हा प्रश्न सरळ होता. हर्ट्झ, आर्थर रॉबर्ट्स आणि रॉब्ली इव्हान्स यांनी ४८ सशांवर प्रयोग केले. त्यांच्या आयोडीनचं अर्धायुष्य फक्त २५ मिनिटं होतं, म्हणजे दर २५ मिनिटांनी त्यातलं अर्धं संपायचं. धावपळीतच मोजणी करावी लागली. तरी निष्कर्ष स्वच्छ होता, सशांच्या थायरॉईडमध्ये आयोडीन गोळा होत होतं. १९४१ मध्ये हर्ट्झ यांनी पहिल्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन उपचार म्हणून दिलं. आज तुमच्या ओळखीत कुणाला थायरॉईडसाठी ‘आयोडीनचा डोस’ दिला असेल, तर त्याची वंशावळ त्या ४८ सशांपर्यंत जाते.

परळचं सव्वा शतक

आता आपल्याकडे येऊ. मुंबईतल्या परळचा एक लहानसा पट्टा असा आहे की तिथे प्राण्यांवरचं वैद्यकीय संशोधन सव्वाशे वर्षं चालू आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली, तीच आजची हाफकिन संस्था.

१९०५ पासून तिथे प्लेग आयोगाचं काम चाललं. प्लेग उंदराकडून माणसाकडे नेमका कसा येतो, हे शोधायचं होतं. आयोगानं प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा चढल्या आणि त्यांना प्लेग झाला. पिसवा पोचू नयेत अशी सोय केलेल्या पिंजऱ्यातले गिनीपिग वाचले. हवा, माती, वास या सगळ्या संशयितांना बाजूला सारून पिसूवर बोट ठेवता आलं. डोळ्यांना न दिसणारी वाट प्राण्याच्या शरीरावरून वाचायची, ही रीत परळला तेव्हापासूनची.

याच भागात २८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर पॅथॉलॉजी सांभाळत. धोतराची गाठ कमरेला सतत घासून होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचं, म्हणजे ‘धोती कॅन्सर’चं वर्णन करणारे हेच. पुण्याच्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, त्यांच्या हाताखाली आल्या. ८ नोव्हेंबर २०२१ ला गूगल उघडल्यावर सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या एका बाईंचं चित्र दिसलं होतं, आठवतं? त्याच या. त्यांचा जन्म १९१७ चा, शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. एमएस्सीला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला होता. सीताफळाकडून त्या थेट स्तनांच्या कर्करोगाकडे वळल्या.

तेव्हा उंदरांच्या काही वाणांत एक विलक्षण गोष्ट दिसली होती. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवलं होतं की स्तनाचा कर्करोग आईच्या दुधातून पिल्लांकडे जाऊ शकतो. रणदिवे यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांवर काम करून अनुवंश, संप्रेरकं आणि हा दुधातला घटक यांचं नातं तपासलं. १९४९ मध्ये पीएचडी, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे उतीसंवर्धनाचं शिक्षण, आणि परत येऊन परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये भारतातली पहिली उतीसंवर्धन प्रयोगशाळा. हे केंद्र १९५२ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून उंदरांच्या एका वाणाचं नाव ‘आयसीआरसी’ पडलं. परळला घडलेला, स्तनाच्या कर्करोगाला लवकर बळी पडणारा उंदीर.

‘वाण’ हा शब्द इथे हलका घेऊ नका. उंदरांचा शुद्ध वाण म्हणजे सख्ख्या भावंडांचा संकर किमान वीस पिढ्या. तेव्हा कुठे सगळे उंदीर जुळ्यांसारखे एकसारखे होतात. हे काम चिकाटीचं. रोज पिंजरे, रोज नोंदी, कुठल्या मादीला किती पिल्लं झाली आणि कुणाला कितव्या महिन्यात गाठ आली. कर्करोगावरचं कुठलंही नवं औषध, कुठलंही नवं यंत्र शेवटी या नोंदवह्यांवर उभं असतं. यंत्राचा इतिहास लिहिताना लोक भौतिकशास्त्रापासून सुरुवात करतात. पण यंत्रात ठेवायला भरवशाचा उंदीरच नसेल, तर यंत्र काय कामाचं?

तुर्भ्याची मोजणी

४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्याच्या खाडीकाठी ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, आशियातल्या पहिल्यांपैकी एक. १९६० मध्ये ‘सायरस’ आली. आता किरणोत्सारी समस्थानिकं आपल्याच शहरात बनू लागली. १९६३ मध्ये अणुऊर्जा विभागानं परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभारलं, टाटा हॉस्पिटलच्या शेजारीच. भारतात न्यूक्लिअर मेडिसिन या शाखेची मुळं इथे रुजली.

भट्टीतून समस्थानिक काढलं की लगेच रुग्णाला टोचता येत नाही. ते एखाद्या रेणूला जोडायचं, आणि तो रेणू शरीरात नेमका कुठे जातो ते आधी तपासायचं. हाडाकडे जावा म्हणून बनवलेला रेणू यकृतातच अडकून बसला, तर रुग्णाच्या यकृताला नाहक किरण मिळणार. ही तपासणी उंदरांत होते. तिचं नाव ‘बायोडिस्ट्रिब्यूशन’, साध्या भाषेत सांगायचं तर वाटणीचा हिशोब.

हिशोब असा करतात. उंदराच्या शेपटीच्या शिरेतून औषध टोचायचं. ठरलेल्या वेळी उंदीर मारायचा. रक्त, यकृत, मूत्रपिंडं, फुप्फुसं, प्लीहा, आतडी, स्नायू, हाड असं सगळं वेगळं काढून वजन करायचं. मग प्रत्येक तुकडा स्फटिकाच्या खोलगट भागात ठेवून त्यातून येणाऱ्या चमका मोजायच्या. हा स्फटिक थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडचा, रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९४८ मध्ये पुढे आणलेला. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत माणसं अंधारात डोळे सरावेपर्यंत बसून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरच्या चमका एकेक करून मोजत. आता ते काम उपकरण करू लागलं. शेवटी उत्तर येतं ते असं, की दर ग्रॅम यकृतात टोचलेल्या मात्रेच्या इतके टक्के, दर ग्रॅम हाडात इतके टक्के.

आता एक साधं गणित मांडू. समजा पाच मिनिटं, अर्धा तास, एक तास, चार तास, एक दिवस, दोन दिवस आणि सात दिवस अशा सात वेळा ठरवल्या. प्रत्येक वेळेला पाच उंदीर. झाले ३५. तुलनेसाठी दुसरा गट घेतला की ७०. रेणूत एखादा छोटा बदल केला की पुन्हा पहिल्यापासून.

पद्धत क्रूर आहे हे दिसतंच. पण तिच्यात विज्ञानाचीही एक खोट आहे, ती चटकन लक्षात येत नाही. पाच मिनिटांचा आकडा एका उंदराचा, चार तासांचा दुसऱ्याचा, सात दिवसांचा तिसऱ्याचा. सिनेमाच्या प्रत्येक प्रसंगात नायक बदलावा तसं. त्या त्या उंदरात पुढे काय झालं असतं, हे कधीच कळत नाही, कारण आपण बघितलं त्याच क्षणी गोष्ट संपवलेली असते. कर्करोगाच्या अभ्यासात तर हे फारच नडतं. एकाच वाणाचे उंदीर घेतले तरी कुणाची गाठ भराभर वाढते, कुणाची नाही. औषधानं गाठ लहान झाली की मुळात लहानच होती?

कवडसा

मग उंदराला मोठ्या माणसांच्याच यंत्रात का ठेवत नाहीत? यंत्रं तर होती. हॅल अँगर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस गॅमा कॅमेरा बनवला, पुढे पेट आलं. अडचण आकाराची. माणूस सत्तर किलोचा धरला तर तो पंचवीस ग्रॅमच्या उंदराच्या २,८०० पट होतो. लांबी-रुंदी-उंची प्रत्येकी चौदा पट धरा. माणसांच्या पेट यंत्राला साधारण पाच मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा दिसतो. उंदराचा आख्खा मेंदूच जेमतेम दीड सेंटिमीटरचा. मोबाईलवरचा लांबून काढलेला फोटो ताणून मोठा केला की चेहऱ्याच्या जागी चार चौकोन दिसतात, तसा उंदीर त्या यंत्रात दिसतो.

पहिली वाट सापडली ती कवडशासारखी. कौलारू घरात कौलाच्या फटीतून जमिनीवर उजेडाचा गोल पडतो. ग्रहणाच्या दिवशी तोच गोल कुरतडलेल्या भाकरीसारखा दिसतो, कारण तो नुसता उजेड नसतो, सूर्याची प्रतिमा असते. छोट्या छिद्रातून प्रतिमा बनते, आणि वस्तू छिद्राच्या जवळ व पडदा लांब असला तर ती मोठी होते. गॅमा किरणांसाठी जड धातूच्या जाड पत्र्यात सुईच्या टोकासारखं छिद्र पाडायचं, उंदीर छिद्राला जवळजवळ चिकटवायचा आणि स्फटिक मागे लांब ठेवायचा. उंदीर पडद्यावर मोठा होऊन उमटतो. तोटा असा की एका छिद्रातून फार थोडे किरण येतात. म्हणून छिद्रं वाढवली. नेदरलँड्समध्ये उट्रेक्टला फ्रीक बीकमन यांच्या गटानं ७५ छिद्रांचं यंत्र बनवलं आणि अर्ध्या मिलिमीटरहून बारीक तपशील टिपला. या प्रकाराला स्पेक्ट म्हणतात.

पेटची तऱ्हा निराळी. तिथे समस्थानिकातून पॉझिट्रॉन सुटतो, इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही नाहीसे होतात आणि दोन किरण बरोबर विरुद्ध दिशांना निघतात. कड्यातले समोरासमोरचे दोन स्फटिक एकाच वेळी चमकले की त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी तो अणू होता हे कळतं. लाखो रेषा एकत्र केल्या की चित्र तयार. स्फटिक जितके बारीक तितकं चित्र रेखीव. १९९० च्या दशकात लंडनच्या हॅमरस्मिथला उंदरांसाठी असं कडं बनलं, आणि लॉस एंजेलिसला सायमन चेरी आणि सहकाऱ्यांनी ‘मायक्रोपेट’ तयार केलं. त्यातल्या एकेका स्फटिकाचं तोंड होतं दोन मिलिमीटर बाय दोन मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याएवढं. तपशील सुमारे दोन मिलिमीटरवर आला, पुढच्या यंत्रांत एकाच्या आसपास. त्याखाली उतरणं अवघड, कारण अडथळा निसर्गाचाच आहे. फ्लोरिन-१८ मधून निघालेला पॉझिट्रॉन संपण्याआधी सरासरी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरकटतो. चोर जिथे सापडला तिथेच चोरी झाली, असं म्हणता येत नाही.

थंडीनं कुडकुडणारा उंदीर

परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिलं पेट यंत्र सुरू झालं. टाटा मेमोरियल सेंटरची संशोधन शाखा खाडीपलीकडे खारघरला ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये गेली. तिथे आज लहान प्राण्यांसाठी पेट, स्पेक्ट आणि सीटी असं तिन्ही करणारं यंत्र आहे. परळच्या आयसीआरसी उंदरांचं घराणंही संस्थेबरोबर खारघरला पोचलं. तिथे प्रीता रे यांच्या गटानं दुसरी एक वाट वापरली आहे. अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींत प्रकाश देणारं जनुक घालायचं आणि औषध दिल्यावर पेशीत काय घडतं ते जिवंत उंदरात बाहेरून बघायचं.

स्कॅनचा दिवस ऐकायला सोपा वाटतो. उंदराला काही तास उपाशी ठेवायचं, फ्लोरिन-१८ जोडलेली साखर टोचायची, साधारण तासभर थांबायचं, आयसोफ्लुरेनची भूल देऊन यंत्रात आडवा करायचा. पण यातल्या प्रत्येक पायरीत गोची आहे. प्रयोगशाळेतला एसी जोरात असेल तर उंदराला थंडी वाजते. थंडी वाजली की खांद्यांमधली तपकिरी चरबी ऊब निर्माण करायला साखर जाळू लागते, आणि चित्रात पाठीवर झगझगीत डाग उमटतो. नवशिक्याला वाटावं गाठच सापडली. म्हणून टोचण्याच्या आधीपासून उंदराला गरम गादीवर ठेवतात. भुलेनं रक्तातली साखर बदलते. उंदराची हृदयं मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके टाकतात, त्यामुळे छातीतलं काहीही पुसट येतं. म्हणजे उंदराला सुखात ठेवणं ही इथे दयेची बाब तर आहेच, पण अचूकतेचीही आहे. घाबरलेला, गारठलेला उंदीर खोटं चित्र देतो.

आणि हे सगळं जमलं की तोच उंदीर पिंजऱ्यात परत जातो, जागा होतो, खातो. आठवड्यानं पुन्हा त्याचंच चित्र. गाठ वाढली का घटली, त्याची स्वतःशीच तुलना. मघाच्या ३५ उंदरांच्या जागी पाच-सहा पुरतात.

कायदा आणि कपात

संख्या कमी करा, हा आग्रह यंत्रांच्या आधीचा आहे. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी प्राणिप्रयोगांसाठी तीन कसोट्या मांडल्या: पर्याय असेल तर प्राणी वापरू नका, वापरलेच तर कमी वापरा, आणि त्यांना होणारा त्रास घटवा. आपल्याकडे नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आला. प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती याच कायद्याखालची. तिचे सविस्तर नियम १९९८ चे. आज कुठल्याही संस्थेत उंदराला सुई लागण्याआधी नैतिकता समितीपुढे सांगावं लागतं, उंदीरच का, इतकेच का, आणि शेवटी त्यांचं काय करणार. त्यात किरणोत्सार असला की अणुऊर्जा नियामक परिषदेचे नियमही लागू. मेलेला उंदीरसुद्धा लगेच टाकता येत नाही, आधी फ्रीजरमध्ये ठेवून त्यातला किरणोत्सार विझू द्यावा लागतो.

हीच हवा कॉलेजांपर्यंतही आली. गारगोटीसारख्या गावांत विज्ञान शाखेला गेलेल्या आधीच्या पिढीनं मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून बेडूक फाडले आहेत. यूजीसीनं २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातून विच्छेदन काढून टाकलं. आजचा विद्यार्थी तेच स्क्रीनवर बघतो.

तरी यंत्राला देवाची जागा देऊ नये. नवा रेणू आला की चित्रातला आकडा खरा आहे का, हे पडताळायला आजही काही उंदरांचे अवयव काढून मोजावेच लागतात. एकाच उंदराला वारंवार भूल, वारंवार सुई आणि वारंवार किरण मिळतात. मग पस्तीस जणांना एकेकदा त्रास की पाच जणांना सात-सात वेळा, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं सोपं उत्तर नाही. शिवाय पिंजऱ्यात परतलेला उंदीर म्हातारा होऊन मरत नाही. अभ्यास संपला की बहुतेक वेळा त्यालाही वेदना न होऊ देता मारलं जातं. ‘उंदीर न मारता’ याचा अर्थ ‘बघण्यासाठी मारावं न लागता’ एवढाच. तेवढाही कमी नाही, पण त्याहून जास्त सांगणं खोटं ठरेल.

गारगोटीपासून किती लांब?

या सगळ्याचा गावाशी संबंध अंतराचा आहे, आणि अंतराचा हिशोब इथे किलोमीटरमध्ये होत नाही. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं. मुंबईत बनवलेला डोस रस्त्यानं गारगोटीपर्यंत आणायचा म्हटला तर नऊ तास धरा, म्हणजे जवळपास पाच अर्धायुष्यं. निघताना बत्तीस रुपये असतील तर पोचेपर्यंत एक उरेल. ऑगस्ट १९७६ मध्ये अब्बास अलवी यांनी फिलाडेल्फियात पहिल्यांदा माणसाला ही साखर दिली, तेव्हा ती ब्रुकहेवनहून विमानानं आणावी लागली होती. घाई या औषधाच्या जन्मापासूनची. म्हणून ही यंत्रं सायक्लोट्रॉनचा माल वेळेत पोचेल अशाच शहरांत लागतात, आणि गारगोटीच्या माणसाला निदान पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरची तरी गाडी धरावी लागते.

टेक्निशियम-९९एम चं तसं नाही. त्याचं अर्धायुष्य सहा तास, पण ते ज्यातून निघतं त्या मॉलिब्डेनमचं ६६ तास. मॉलिब्डेनम भरलेलं जनरेटर गाडीत घालून लांबच्या रुग्णालयात नेता येतं आणि रोज सकाळी त्यातून ताजं टेक्निशियम काढता येतं. जगभरच्या प्रयोगशाळांत त्याला गमतीनं गाय म्हणतात, आणि काढण्याला दूध काढणं. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत बनणारं ल्युटेशियम-१७७ तर साडेसहा दिवसांहून जास्त अर्धायुष्याचं. ते गाठीवर मारा करतं आणि त्याच वेळी कॅमेऱ्याला दिसतंही. आधी उंदरांत वाटणीचा हिशोब झाला, मग परळला रुग्णांना उपचार सुरू झाले. औषध किती दूरच्या माणसापर्यंत पोचणार, हे अणूच्या आयुष्यावरही ठरतं.

कुणाच्या घरात पेट स्कॅनचा रिपोर्ट आला असेल तर तो नीट वाचून बघा. मेंदू, हृदय, मूत्राशय यांच्यापुढे बहुधा ‘फिजिऑलॉजिकल अपटेक’ असे शब्द असतात. अर्थ असा की इथे चमक दिसते आहे, पण ती रोगाची नाही, निरोगी शरीरात ती असतेच. मेंदू साखर किती घेतो हे लुई सोकोलॉफ यांनी १९७७ मध्ये उंदरांत मोजून दाखवलं होतं. साखर टोचल्यावर ४५ मिनिटांनी उंदीर मारून, मेंदूच्या पातळ चकत्या करून. डॉक्टर आज त्या चमकेकडे एक नजर टाकून पुढे जातात आणि रुग्णाला ‘काळजीचं काही नाही’ म्हणून सांगतात. रिपोर्टवर सही डॉक्टरची असते. त्या दोन शब्दांची किंमत मात्र आधीच कुणीतरी मोजलेली आहे.